कात्रज–हॅवलॉक–नील (मार्गे लोहगाव)

ही मार्गदर्शिका अशा वाचकासाठी आहे ज्याला पोहता येत नाही, ज्यानं समुद्र आतून कधी पाहिलेला नाही, पण जो कात्रज चौकात उभा राहून कोल्हापूरची कुठली गाडी किती वाजता येते हे न बघता सांगतो. कात्रजचा माणूस स्वतःला प्रवासातला जाणकार समजतो आणि त्याला आधार आहे. साताऱ्याच्या, सांगलीच्या, गोव्याच्या, बंगळूरच्या गाड्या त्याच्या दारावरून जातात. पण त्याची सगळी प्रवासविद्या एकाच श्रद्धेवर उभी असते, ती म्हणजे ही गेली तर मागून दुसरी येते. अंदमानात मागून दुसरी येत नाही. आली तर उद्या येते, आणि तीही समुद्राची मर्जी असेल तर.

तेव्हा तिथल्या हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर डुबक्या मारायच्या सहलीचं नियोजन शिकताना पहिली पायरी म्हणजे ही श्रद्धा घरी ठेवणं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी चौकातूनच मालवणची गाडी पकडावी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा होतं, तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही आहे. पावसाळा आला की हे बंद, हे मात्र लक्षात असू द्या.

पायरी दुसरी: परतीचं तिकीट. हो, परतीचं. हॉटेल नाही, बोट नाही, व्हॉट्सॲपवर 'अंदमान गँग' नावाचा ग्रुपसुद्धा नाही. आधी परतीचं विमान ठरवायचं आणि तिथून मागं मागं येत सहल बांधायची. कारण शास्त्रीय आहे, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढं मेहुण्याशी वाद घालताना उपयोगी पडेल.

पाण्याखाली दर दहा मीटरला एकेका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. टाकीतून तुम्ही त्याच दाबाची हवा घेता आणि तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो श्वासातून हळूहळू निघून जातो, त्याला वेळ लागतो. तो निघायच्या आत तुम्ही कमी दाबाच्या जागी गेलात तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं ते तुमच्या सांध्यांत आणि रक्तात होऊ शकतं. आणि कमी दाबाची जागा म्हणजे विमान. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे डुबकी मारून लगेच विमानात बसणं म्हणजे ओल्या अंगानं कळसूबाईच्याही वर जाऊन बसणं, फक्त खिडकीची सीट मिळते.

म्हणून पाणबुड्यांचा जगभरचा नियम असा: एकच साधी डुबकी मारली असेल तर विमानापूर्वी किमान 12 तास, एकाहून जास्त किंवा लागोपाठ काही दिवस मारल्या असतील तर किमान 18 तास. अनेक केंद्रं सरसकट 24 सांगतात, आणि नवशिक्यानं 24 च धरावेत, कारण नवशिक्याला आपण नक्की किती खोल गेलो होतो हे विचारलं की तो मासा किती मोठा होता ते सांगतो. (मालवणवाल्यांनीही हसू नये. 600 मीटरच्या वर चढायचं असेल तर हीच काळजी घ्यायला सांगतात, आणि आंबोली सातशेच्या आसपास आहे. सकाळी डुबकी, दुपारी घाट, हा बेत आखताना केंद्रात विचारून घ्या.)

इथं आपल्या बेटांची एक मोठी सोय सांगायला हवी. कॅरिबियन समुद्रात बोनेर आणि क्युरासाव अशी दोन शेजारी बेटं आहेत, डुबकीवाल्यांची पंढरीच. बोनेरला तर भाड्यानं मालवाहू गाडी घ्यायची, मागं हवेच्या टाक्या टाकायच्या, रस्त्याकडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला की थांबायचं आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. ऐकायला स्वर्ग. पण या बेटावरून त्या बेटावर लोक सहसा छोट्या विमानानं जातात. अर्ध्या तासाची उडी, पण नियमाच्या लेखी तेही विमानच. म्हणजे मधला एक दिवस कोरडा काढायचा. हॅवलॉक आणि नीलमध्ये बोट धावते. बोट समुद्रसपाटीवरच असते, निदान तशी अपेक्षा असते. सकाळी हॅवलॉकला डुबकी, दुपारी बोट, दुसऱ्या सकाळी नीलला डुबकी, नायट्रोजनची काही हरकत नाही. हे गणित ज्याला कळलं त्याचं निम्मं नियोजन झालं.

आता कात्रजहून निघा. पुण्याहून अंदमानला जाताना बहुधा चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढं दोन-सव्वादोन तास. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, ती तीनेक दिवस घेतात. ज्यांना रजेचा हिशेब द्यावा लागत नाही त्यांच्यासाठी ती आहेत. दोन विमानांची तिकिटं स्वस्तात मिळतात म्हणून वेगवेगळी काढू नका. पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्याला तुमच्याबद्दल काहीही वाटत नाही.

या सगळ्या प्रवासात सर्वांत बेभरवशाचा टप्पा कुठला? बंगालचा उपसागर नव्हे. कात्रज ते लोहगावचा विमानतळ. वीसेक किलोमीटर आहे. पहाटे तीनला निघालात तर पाऊण तासात पोचाल आणि एवढ्या लवकर येऊन करायचं काय म्हणून महागडा चहा प्याल. संध्याकाळी निघालात तर कोंढव्याच्या रस्त्यानं जायचं की स्वारगेटवरून, यावर रिक्षावाला, गूगल आणि तुमचे सासरे यांच्यात एकमत होणार नाही आणि तिघंही बरोबर असतील, म्हणजे दोन्हीकडे कोंडी असेल. कात्रज–स्वारगेट हा 2006 साली देशातल्या पहिल्या बीआरटीचा रस्ता होता, आणि त्याच मार्गाखालून जायच्या मेट्रोचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झालं. कात्रजकर भविष्याच्या इतक्या जवळ राहतो की वर्तमानात त्याला दोन तास हाताशी ठेवूनच निघावं लागतं. ठेवा.

उतरताना पाटीवर 'वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ' दिसेल. पोर्ट ब्लेअर या गावाचं नाव मात्र सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. बोटीच्या तिकिटावर हॅवलॉक हे स्वराज द्वीप असतं, नील हे शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर 2018 ची. जेट्टीवरचा रिक्षावाला जुनंच नाव घेतो, आणि हॅवलॉकला पोचल्यावर तर नावंच सोडून आकड्यांवर येतो. गोविंदनगर म्हणजे तीन नंबर, विजयनगर म्हणजे पाच नंबर, राधानगर म्हणजे सात नंबर. तिकीट काढताना नवं नाव, रस्ता विचारताना जुनं, रिक्षात बसताना आकडा. पुढं चला.

बोट. इथं थांबून बसा, कारण सहली इथंच फुटतात.

श्री विजयपुरमहून हॅवलॉकला सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. अडीच तासांच्या आसपास घेते, स्वस्त असते, डेकवर उभं राहून वारा खाता येतो. तिच्यात भाजी, कोंबड्या, सिमेंट आणि बेटावरची माणसं असतात, आणि बेटावरच्या माणसांना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे, त्यांची ती एसटी आहे. खासगी बोटी मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. त्या दीड ते सव्वादोन तासांत नेतात, आकडा दिलेली खुर्ची असते, एसी असतो, बहुतेकींत खिडक्या बंद असतात. या बंद खिडकीचं महत्त्व निघताना वाटत नाही. बंदराबाहेर पडून बोट हलायला लागली आणि पुढच्या रांगेतल्या काकांनी पिशवी मागितली की वाटायला लागतं. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, तासभर आधी घ्यायची असते. आणि झोप आणणारी गोळी घेतलेल्या दिवशी पाण्यात उतरायचं असेल तर ती कुठली घेतली हे प्रशिक्षकाला सांगायचं.

बोटीच्या वेळेआधी तासभर जेट्टीवर हजर राहा. सामानाची तपासणी होते, ओळखपत्र पाहतात, दार बंद होतं. कात्रजच्या चौकात गाडी हलायला लागल्यावर हात केला तर क्लीनर दार उघडतो आणि 'मागं सरका' म्हणतो. बोटीला क्लीनर नसतो.

सुटीच्या दिवसांत खासगी बोटींची तिकिटं आधी संपतात, हॉटेलं नंतर. म्हणून क्रम असा: परतीचं विमान, मग तिन्ही बोटी, मग खोल्या. बहुतेक लोक आधी खोली ठरवतात, कारण खोलीचा फोटो असतो आणि बोटीचा फोटो बघून कुणाला काही वाटत नाही. बोटी तीन असतात हेही नीट मोजा: गावातून हॅवलॉक, हॅवलॉकहून नील, नीलहून परत गाव. मधली तासाभराचीच, पण तीच विसरली जाते. ज्या दिवशी उतरलात त्याच दुपारची बोट पकडायचा मोह होईल. विमान बारा वाजता उतरतं, बोट दोनला, दोन तास आहेत की! हे दोन तास तुमचे नाहीत, ते विमान कंपनीचे, सामानाच्या पट्ट्याचे आणि चेन्नईच्या पावसाचे आहेत. पहिली रात्र गावात काढा.

आणि हवा बिघडली तर बोटी रद्द होतात. सरकारी, खासगी, सगळ्या. तेव्हा बेटावर अडकलेला माणूस फोनवर 'अरे पण आमचं उद्याचं फ्लाइट आहे' असं ओरडताना दिसतो, आणि पलीकडचा त्याला समुद्राशी बोलायला सांगू शकत नाही म्हणून 'बघतो सर' म्हणतो. म्हणून शेवटची रात्र कधीही बेटावर नको. ती गावात. म्हणजे हवेची एक दिवसाची उशी मिळते आणि त्या दिवशी डुबकी मारली नसेल तर नायट्रोजनचे 24 तासही आपोआप भरतात. एका खोलीच्या भाड्यात दोन विमे. कात्रजच्या माणसाला हे पटायला हवं.

खोल्यांचं थोडक्यात. हॅवलॉकला राधानगरचा किनारा सुंदर आहे, फोटो त्याचेच असतात, म्हणून सगळे तिथं राहायला बघतात. पण डुबकीची बहुतेक केंद्रं बेटाच्या दुसऱ्या अंगाला, गोविंदनगर-विजयनगरच्या पट्ट्यात आहेत, मध्ये दहा-बारा किलोमीटर. डुबक्या मारायच्या असतील तर तीन किंवा पाच नंबरला राहा आणि राधानगरला सूर्यास्ताला जा. नवविवाहितांनी उलट करावं, त्यांना सकाळी उठायचं नसतं. पाच नंबरच्या 'समुद्राला लागून' खोलीचा फोटो भरतीचा असतो. ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की खोलीसमोर दगड आणि प्रवाळ उघडे पडतात. यात फसवणूक नाही, भरती-ओहोटी कुणाच्याही बुकिंगमध्ये धरलेली नसते. नीलला बेट लहान, साडेतेरा-चौदा चौरस किलोमीटरचं. जेट्टी आणि भरतपूरचा किनारा शेजारी शेजारी. कुठंही राहा, फार चुकणार नाही. गावांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत, त्यामुळे बरोबरच्या ज्येष्ठांना रस्ते पाठ करायला अडचण येत नाही.

दोन्ही बेटांवर स्कूटर भाड्यानं मिळते. लायसन्स न्या. हेल्मेट घाला, बेटावर आहोत हे कारण डोक्याला माहीत नसतं.

आता एक गोष्ट जी पत्रकात कधी नसते: घड्याळ. हॅवलॉक कात्रजच्या पूर्वेला सुमारे एकोणीस अंश आहे, पण घड्याळ भारताचंच. त्यामुळे सूर्य तिथं आपल्या सव्वा तास आधी येतो आणि सव्वा तास आधी जातो. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेपाचला उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काळोख. डुबकीवाले सकाळी सात-साडेसातला बोट काढतात. अनेक हॉटेलांत खोली सोडायची वेळही सकाळी आठ-नऊची असते. सुटीवर आलोय, जरा उशिरा उठू, हा विचार तुमच्या मनात येईपर्यंत बोट 'ॲक्वेरियम' नावाच्या डुबकीच्या जागी पोचलेली असते.

आता प्रत्यक्ष डुबकीचं. पोहता न येणाऱ्यांसाठी पहिली ओळख करून देणारी डुबकी असते, एक प्रशिक्षक तुमची टाकी धरून मागं असतो. ती 12 मीटरच्या वरच राहते, 10 वर्षांपुढच्या मुलांनाही चालते. हॅवलॉकचं 'निमो रीफ' तर किनाऱ्यावरूनच चालत जाण्याजोगं आहे. खरा कोर्स करायचा तर तीन-चार दिवस द्यावे लागतात, 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. 'जॉनीज गॉर्ज' आणि 'डिक्सन्स पिनॅकल' ही नावं कुणी सांगितली तर माना हलवा. ती खोल आहेत, तुमची नाहीत. नीलला 'जंक्शन' आणि 'बस स्टॉप' अशी दोन ठिकाणं आहेत, पाण्याखाली. कात्रजच्या माणसाला तिथं घरच्यासारखं वाटेल. गाडी येणार नाही एवढाच फरक.

पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म देतात. दमा आहे का, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाच्या गोळ्या. आपल्याकडे या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहायची परंपरा आहे, कारण 'हो' लिहिलं तर पैसे वाया जातील अशी भीती असते. ज्या माणसाच्या डब्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा खणांतल्या गोळ्या आहेत तो शांतपणे 'नाही, नाही, नाही' लिहितो. त्याचा फॉर्म त्याच्या बायकोला भरू द्या. रक्तदाबवाल्यांनी पुण्यातूनच डॉक्टरांची चिठ्ठी आणावी, म्हणजे बेटावर अवघड जागी दुखणं निघत नाही. सर्दी असेल तर उतरू नका. खाली जाताना नाक दाबून कानात हवा ढकलावी लागते, बंद नाकानं ती जात नाही आणि कानाचा पडदा कुरकुर करतो. चेन्नईच्या विमानतळावर एसीखाली रात्र काढून आलेल्यांना हे विशेष सांगणं.

खाली बोलता येत नाही. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर न्या'. व्हॉट्सॲपमुळे आपला अंगठा कशालाही वर जातो. पहिला मासा दिसल्यावर आनंदानं अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक इमानानं वर नेतो आणि त्याची डुबकी तिथं संपते. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. घरी आठ दिवस जेवणाच्या टेबलावर सराव करा.

ज्यांना उतरायचंच नाही, म्हणजे प्रत्येक ग्रुपमधल्या एक आत्या, त्यांच्यासाठी नीलला काचेच्या तळाच्या बोटी आहेत. मासे तेच दिसतात, साडी कोरडी राहते. पण त्यांना ओहोटीला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल दाखवायला न्या. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, भरतीत तिथवर चालत जाता येत नाही. कुठल्याही किनाऱ्यावर मगरीची पाटी दिसली तर तिच्याशी वाद घालू नका. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मगरीच्या आणि आपल्या मध्ये भिंत आहे. खाऱ्या पाण्यातली मगर या समुद्रात मोकळी असते, आणि 2010 मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक स्त्रीचा तिच्या हल्ल्यात जीव गेला आहे.

रोख पैसे न्या. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट पूर्वीइतकं रुसत नाही, तरी 'स्कॅन होईना' हे वाक्य नीलला ऐकू येतंच. प्रवाळ, शंख, शिंपले उचलू नका. विमानतळावर ते काढून घेतात, आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं तेच संरक्षण आहे जे वाघाला आहे. वाघाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवायला म्हणून कुणी बॅगेत घालत नाही.

शेवटचा कोरडा दिवस. गावात आहात, सेल्युलर जेल बघा. 1906 मध्ये बांधून झालेला तुरुंग, सावरकर 1911 ते 1921 या काळात इथं होते. पुण्यातून आलेला माणूस ती कोठडी बघायला जातोच, त्याला मार्गदर्शिका लागत नाही. सकाळी हौस असेल तर माउंट हॅरिएटला (2021 पासून माउंट मणिपूर) जा. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर जे झाडीतलं दृश्य होतं ते तिथलं. उंची चारशे मीटरच्या आतच, त्यामुळे नायट्रोजनची चिंता नाही.

पण याच दिवशी जेट्टीवर एखादा एजंट नॉर्थ बेला डुबकी घ्या म्हणेल. जवळ आहे, स्वस्त आहे, तासाभरात परत. ग्रुपमधला कुणीतरी लगेच तयार होईल, बहुधा मेहुणाच, आणि म्हणेल, अहो वीस मिनिटांचीच तर आहे, विमान उद्या सकाळचं. त्याच्याशी शास्त्रावर बोलू नका, कळसूबाईही सांगू नका. त्याचं एकट्याचं विमान परवाचं करून द्या आणि भाड्यातला फरक त्याच्याकडून जेट्टीवरच घ्या.